गुरुवारी, दोन ते चार

कोठाराची किल्ली माझ्याकडे असते,
पण दार उघडायला महेंद्रचा खांदा लागतो.
आतली ट्यूबलाइट तीनदा विचार करते, मग लागते.
गणेशखिंडीतली वाहनं इथवर ऐकू येतात,
गाळून आल्यासारखी.

वरच्या दालनात शंभर वस्तू. खाली नऊ हजार :
मलमलीत, जुन्या वर्तमानपत्रांत, फोमच्या खाचांत,
पायाला सुतळीने चिठ्ठी बांधलेल्या.
पहिल्या दिवशी मला ससूनमधलं काहीतरी आठवलं होतं,
ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता दर गुरुवारी त्या लोकांच्या हातात द्यायच्या.
ठराव झाला, सह्या झाल्या.
‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी
दालनातून काढून खाली आणली,
तिलाही नोंदणी क्रमांक दिला.
मुलं सगळ्यात आधी तिलाच हात लावतात.

एका मुलीने लाकडी गंधर्वाचा तुटका कोपर
असा धरला, जसा सायकलवरून पडलेल्या धाकट्या भावाचा.
बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ
गंजिफाचा पत्ता उचलून म्हणाले, “वजनच नाही हो,”
आणि बराच वेळ ते नसलेलं वजन तोलत बसले.

मग तांबट आळीतून त्र्यंबकराव निजामपूरकर आले.
नातसुनेने नाव नोंदवलेलं.
जन्मभराच्या ठोक्यांनी कान गेलेले.
“घंगाळ. तांबं. मठारकाम. कारागीर अज्ञात.”
मी मोठ्याने वाचलं. मग आणखी मोठ्याने.
निळे हातमोजे घालून त्यांनी काठावरून बोट फिरवलं,
थांबले,
मोजे काढून माझ्यापुढे ठेवले.
“यातून ऐकू येत नाही.”

घामातलं मीठ तांब्याचं काय करतं
यावर मी दोन परिषदांत निबंध वाचलाय.
मी महेंद्रकडे पाहिलं. तो ट्यूबलाइटकडे पाहत होता.

उघडा तळवा घंगाळाच्या पोटावरून निघाला,
ठोक्यावरून ठोक्यावर,
वीज गेल्यावर घरचा माणूस जिना उतरतो तसा.
“उलटे चाललेत,” ते म्हणाले. “डावखुरा होता.
आणि इथं बघा. इथं चार ठोके ढिले.
कुणीतरी हाक मारली असणार.
जेवायला, नाहीतर…”
पुढचं बोलले नाहीत.
चार वाजून गेले होते.

सगळे गेल्यावर कापूस घेतला,
स्पिरिटची बाटली उघडली.
ठसे पुसायचा नियम आहे, मीच लिहिलेला.
काठावरचे पुसले. पोटावरचे पुसले.
एक त्या ढिल्या ठोक्यांवर होता.

नोंदवहीतलं ‘अज्ञात’ खोडता येत नाही,
एक्कावन्न सालची शाई आहे.
शेजारी पेन्सिलीने लिहिलं : डावखुरा.
‘अवस्था’ या रकान्यात : डाग एक, नवा.
बाटलीला झाकण लावलं.
ट्यूबलाइट मात्र
एका बटणात विझली.