थांबण्याचे पैसे

कॅप्टन हाउकोस वर्गात आल्या
तेव्हा आम्ही नकाशे पसरून बसलो होतो.
त्यांनी ते गुंडाळायला लावले
आणि टेबलावर एक पावती ठेवली,
तळहाताएवढी, टाचणीचा गंज लागलेली.

टॅक्सीची. ऑस्लो, नोव्हेंबर बेचाळीस, पहाटे पाच.
अंतर इतकं, दर इतका,
खाली वेगळ्या ओळीत: थांबलो, बारा मिनिटे.
बिल पोलीस खात्याच्या नावे.

"बेरीज तपासा."
तपासली. चोख होती.
तोरगाइर म्हणाला, अक्षर काय वळणदार आहे!
"आता सांगा, ही बारा मिनिटं कोणाची?"

रेडिएटर तेवढा कुरकुरत राहिला.

तिसऱ्या मजल्यावर एक बाई
मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती.
गाठ बसत नव्हती.
त्यांचा गुन्हा आडनावात होता,
आणि बंदरात जहाज वाफ धरून उभं.

त्याआधीचं कॅप्टननी फळ्यावर लिहिलं नाही,
नुसतं सांगितलं, किराणा सांगावा तसं:
डबा खाताना केलेला विनोद,
'तुमचं'च्या जागी 'तुम्हा लोकांचं',
ओळखपत्रावर एक अक्षर, लाल शाईत,
मग रेडिओ जमा करा.
"टॅक्सी सगळ्यात शेवटी येते."

होदाननं विचारलं, पुढच्या सीटवर कोण होतं?
"शिपाई. तेवीस वर्षांचा.
हुकमाचा ताबेदार."
आमच्यात सहाजण तेविशीतले.

मग एकेक सुचायला लागलं.
इंजिन गारठलंय म्हणायचं.
घरी कोणी नाही, असं लिहायचं.
वर जाऊन मागचा जिना दाखवायचा.
प्रत्येक वाक्याला त्या घड्याळ बघायच्या:
चार सेकंद. तीन. पाच.
माझी पाळी आली. म्हणालो, मला सांगता येत नाही
मी काय केलं असतं.
"लिहून ठेव," त्या म्हणाल्या, "तारखेसकट.
कमिशन मिळेल त्या दिवशी परत वाच."

माझे पणजोबा याच शहरात टॅक्सी चालवत.
त्या हिवाळ्यात ते आजारी होते, असं घरात सांगतात.
काय झालं होतं, ते कोणी सांगत नाही.
मीही कधी विचारलं नव्हतं.

रविवारी आजोबांना फोन लावला. विचारलं.
ते आधी गुडघ्यावर बोलले,
मग बर्फावर, मग शेजारच्यांच्या कुत्र्यावर,
मग काहीच नाही.
ओळ चालू आहे, श्वास ऐकू येतोय.

मी थांबलोय.