आयत्या वेळचे विषय

मंगळवारची सभा. हजर सहा.
गणसंख्येला सात लागतात.
हेक्टर ब्रेमनरनं आपली टोपी काढून
सातव्या खुर्चीवर ठेवली, म्हणाला,
हिला हात वर करता येत नाही, एवढंच.
मी लिहिलं : हजर सात.

वायकुरा सेवा मंडळ, स्थापना सत्तावन्न साली,
नदी शाळेत शिरली त्या हिवाळ्यात.
जुलै होता. न्यूझीलंडच्या या टोकाला
जुलैत बादलीतलं पाणी गोठतं.
पहिल्या वहीचं पहिलं पान अजून गाळाच्या रंगाचं,
अक्षर ऑलिस्टर ग्लेनी लोहाराचं,
घणानं ठोकल्यासारखं :
चौदा घरांत चूल नाही. लाकूड कुणाकडं आहे?
ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही.
नुसता प्रश्न,
आणि खाली नावं.

पुढच्या वह्यांत आम्ही शहाणे झालो.
चहाबरोबर स्कोन की सँडविच
यावर एकोणसत्तर साली दीड पान आहे.
बायकांना सभासद करावं का
यावर सहा वर्षं, तीन अध्यक्ष, एक राजीनामा.
तोवर स्कोन कोण भाजत होतं
हे इतिवृत्तात नाही.
फ्रेडा तायपुआ भाजत होत्या.
नंतर त्याच अकरा वर्षं खजिनदार,
एका सेंटचा घोळ नाही.

काय केलं एवढ्या वर्षांत, असं नातू विचारतो.
लेंड्या विकल्या, बाळा.
लोकर कातरायच्या शेडखाली पोटावर सरपटत
मेंढ्यांच्या लेंड्या खरवडल्या, पोत्यांत भरल्या,
शहरातल्या गुलाबवाल्यांना पाच डॉलरला पोतं.
त्यातून आल्या चार चाकाच्या खुर्च्या,
शाळेच्या तलावाला कोमट पाणी,
आणि पिटकेर्नांच्या धाकटीची बासरी.
ती आता कुठल्याशा वाद्यवृंदात असते.
नाताळात तिचं कार्ड येतं,
पत्ता : लेंडीवाले काका, वायकुरा.
पोस्टमन बरोबर आणून देतो.

खुर्च्यांची वही वेगळी.
कुणी नेली, कधी परत आली.
परतीच्या तारखेपुढं कारण लिहायचं नाही,
हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही.
क्वचित कुणीतरी तो मोडतं,
बरा झाला, असं लिहितं,
खाली दोन रेघा ओढतं.

आणि दंडाचा डबा.
उशीर : वीस सेंट. टाय विसरला : वीस.
पेपरात नाव छापून आलं तर पन्नास,
मोठेपणाचा दंड.
गेल्या मार्चात हेक्टर आला,
कोट न काढताच डब्यापाशी गेला,
पन्नास सेंट टाकले.
आम्ही बघत राहिलो.
गुरुवारचा अंक, तो म्हणाला, पान अकरा.
एल्स्पेथच्या निधनाच्या बातमीत
खाली माझंही नाव आहे.
नियम तो नियम.
मी काय लिहिणार होते?
जमा : पन्नास सेंट. ब्रेमनर.

आज विषय एकच होता,
मंडळ विसर्जित करणे.
बाजूनं तीन, विरुद्ध तीन.
टोपी तटस्थ.
हीटर मधेच टकटक करत होता,
कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून रोमेल दिमाकुलांगन आला,
पलीकडच्या डेअरीत पहाटे चारला दूध काढतो तो,
गमबूट बाहेर, पायात भोकाचे मोजे,
पुढं ढकलत आणलेली तीन नंबरची खुर्ची.
सोबत्याचा पाय बरा आहे, म्हणाला,
आणि हिचं चाक कुरकुरत होतं, ते पण.
चौऱ्याण्णवपासून कुरकुरत होतं ते.
तिची कुरकुर ऐकूनच आम्हाला कळायचं,
कुणाच्या घरी काय चाललंय.

उशीर, फ्रेडा सवयीनं म्हणाल्या, वीस सेंट.
त्यानं का म्हणून विचारलं नाही.
खिसे चाचपले, नाणं टाकलं,
वहीत सही केली, तारखेपुढं काहीतरी लिहिलं,
मग हेक्टरची टोपी उचलून
गुडघ्यावर ठेवून बसला,
चहाची वाट बघत.

सभासद आहे का, हे कुणी काढलं नाही.
मतदानाचंही.
मी वही पुढं ओढली.
सात लिहिलेलं
खोडावं लागलं नाही.