झाकण सैल

मातीचे नमुने घेऊन बार्शीहून आलो
शेतकी कॉलेजात. निकाल उद्या, म्हणाले.
मुक्काम भाच्याकडे, एरंडवण्यात.

वरच्या खोलीतली हालिना पाली शिकते.
पोलंडची. तिनं वाडगं पुढं सरकवलं, "झुरेक."
मळकट पांढरं, त्यात अर्धं अंडं.
सॉसेज नको म्हटलं, तर तुकडे वेचून
निमूट आपल्या वाडग्यात टाकले तिनं.

पहिल्या घोटाला कानशिलं आखडली.
दुसऱ्याला विचारलं, पीठ आंबवलंय का?
"राईचं. पाच दिवस."
मोहरीचं?
भाचा हसला. धान्य असतं, मामा, तिकडचं.

मग मीही सांगितलं : ज्वारीचं पीठ, ताक,
रात्रभर झाकून, सकाळी ठेचलेला लसूण.
आंबील.
"ते ओढ्याचं नाव ना?"
रोज बसमधून ओलांडते म्हणे,
पितात हे कुणी बोललंच नव्हतं.
वहीच्या कडेला लिहून घेतलं तिनं, आंबिल,
आणि पुण्यात सात वर्षं काढलेल्या भाच्यानं
लगेच वेलांटी सुधारली.

सकाळी निकाल : चुनखडी फार,
जमिनीत आंबटपणा नावाला नाही.

यष्टीत दोन पायांमध्ये तिनं दिलेली बाटली.
झाकण सैल ठेवा, फुगतं, म्हणाली होती.
टेंभुर्णीच्या अलीकडे शेजारच्यानं नाक मुरडलं,
काय आहे हो?
औषध, म्हणालो.