झे. नाखवा

नौपाड्याच्या बँकेत, नोव्हेंबरात,
मी जिवंत आहे हे सांगायला गेलो.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, काका, अंगठा ठेवा.
ठेवला. लाल दिवा.
तर्जनी. लाल.
मग मधलं बोट, जे काचेवर टेकतच नाही,
पेरापाशी वळून शेजारच्याला विचारतं, काय झालं?

काका, बोट सरळ करा ना.
बाई, हे सरळच आहे. एकोणऐंशी सालापासून.

वागळे इस्टेटात आमची रंगाची कंपनी.
मला घेतलं ते ग्लोव्हज बघून;
पगारपत्रकात हुद्दा होता मदतनीस, डिस्पॅच.
सकाळी मस्टरवर सही, साडेनवाला मैदानात.
शाळेत बापटमास्तर उठाबशा काढायला लावायचे,
तेव्हा कुठे ठाऊक होतं
पुढे त्याचाच पगार मिळणार आहे.
दिवसाला पाचशे चाळीस. नोबॉल धरून जास्तच.
सत्तावीस वर्षं.
आता संडासात भिंतीला दांडी बसवून घेतली आहे,
धरून उठायला.

बाप चेंदणीचा, खाडीत जाळं टाकायचा.
म्हणाला, धरायचंच काम ना, मग ते आपलंच आहे.
फक्त तुझा मासा कुणी विकत घेत नाही.

तसंच असतं यष्टीमागे.
दिवसभर धरलेलं कुणी लिहून ठेवत नाही,
एक सुटला की त्याचा रकाना तयार: बाय, चार.
आणि अधूनमधून, शाईच्या एका फराट्यात,
झे. नाखवा, गो. ओवळेकर.

ओवळेकर. डावखुरा. गालात कायम लवंग.
तो हिशेबखात्यात, मी डिस्पॅचला,
जेवायचे मजलेसुद्धा वेगळे.
पण धावायच्या आधी तो कॉलरला हात लावायचा
आणि मला कळायचं, हा वळणार नाही, आत येईल.
मी वीतभर सरकायचो.
फलंदाजाला कळायचं ते तंबूत परतल्यावर.
आम्ही हे कधी ठरवलं नव्हतं.
एकदा चहाच्या वेळी विचारलं तर म्हणाला,
कसली कॉलर? माशी बसते रे मला तिथे.

तीन मोसम वरच्या संघात राखीव होतो.
पाणी नेलं, लिंबं कापली.
इंदूरला पहिल्या यष्टीरक्षकाला ताप भरला,
मी रात्रभर पॅडचे बंद तपासत बसलो.
पहाटे त्याचा उतरला.
रडगाणं नाही हे. त्याने पंचाहत्तर काढल्या त्या दिवशी,
टाळ्या मीही वाजवल्या,
ग्लोव्हज हातातच होते, आवाज आला नाही इतकंच.

पुढे कंपनीने संघ बंद केला,
एका परिपत्रकात,
कँटीनच्या चहाच्या नव्या दराखाली.
मी खोकी मोजायला लागलो. खोकी कशी,
हळू येतात.

ओवळेकरला भेटायला सिव्हिलला गेलो.
नाकात नळी. मुलगा म्हणाला, कुणालाच ओळखत नाहीत.
मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.
त्याचा डावा हात उठला, सुईसकट, गळ्याकडे.
हॉस्पिटलच्या सदऱ्याला कॉलर नव्हती.
मी वीतभर सरकलो.

काका? पोरगी अजून तिथेच. मागे रांग खोकते आहे.
डाव्या हाताची करंगळी बघू या का?

हीच एक कधी मोडली नाही.
हिच्याकडे कधी काही आलंच नाही.
मी तिला काचेवर ठेवली, सवयीने,
आधी अंग थोडं खाली घेऊन.

हिरवा.
झालं काका, तुम्ही आहात, ती म्हणाली.
पुढच्या वर्षी हीच आणा.