डिझेल आणायला

वीस लिटरचा कॅन मागच्या सीटवर
पट्टा लावून बसवलाय, लहान मुलाला बसवावं तसा.
टेकाडाच्या अलीकडे पोलिसांची गाडी आडवी.
निळा दिवा गरगरतोय, धुरात त्याचा रंग जांभळा.
एक पोरगा खिडकीशी वाकतो. छातीवर नाव: टियर्नी.
पापण्यांवर राख.

"पुढे बंद आहे, बाई."

मी सांगते, अकरा किलोमीटरवर माझं घर,
डाव्या हाताला दुधाच्या बरणीची टपालपेटी, चुकायचंच नाही.
आत माझा नवरा आहे, नेव्हिल.
त्याने पन्हळींना टेनिसचे चेंडू ठोकून पाणी तुंबवलंय,
घोंगड्या भिजवून दारांच्या फटी बुजवल्यात,
शेळ्या कातरशेडमध्ये कोंडल्यात.
आणि पंप डिझेलवर चालतो.

"त्यांना आम्ही ओढून बाहेर काढणार नाही," पोरगा म्हणतो,
"स्वतःच्या जागेत राहतो म्हटलं माणसाने,
तर कायदा त्याला हात लावत नाही.
सकाळी विचारून आलो आम्ही.
राहणाऱ्यांकडून फक्त जवळच्या नातेवाइकाचं नाव घेतो."

"काय सांगितलं त्याने?"

तो वही काढतो. थुंकी लावून पान उलटतो.
"रोनेल."
मग माझ्याकडे बघतो.
"तुम्हीच का?"

मीच.
सव्वा तासापूर्वी मीही आतच होते
आणि हा हक्क माझाही होता,
बाथटबात भरून ठेवलेल्या पाण्याइतका खरा.
कुठे सांडला?
लाकडी पुलावर? की पेट्रोलपंपावर,
सुटे पैसे नकोत म्हणून हात हलवला तेव्हा?
राहायचा हक्क आहे, परतायचा नाही.
एकाच सातबारावर असावं तसं दोघांचं नाव त्या घरावर,
आणि एकच कलम
त्याला आत ठेवतं, मला बाहेर.

जूनमध्ये सभागृहात बैठक झाली होती.
कौन्सिलच्या बाईंनी पत्रकं वाटली, स्कोन्स वाटले.
लोकांनी विम्याचं विचारलं, कुत्र्यांचं विचारलं,
म्हाताऱ्या बेव्हनने तर पोहण्याच्या तलावाचं विचारलं.
माणूस अर्ध्यातून डिझेल आणायला गेला तर काय,
हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.
माझ्याही नाही.
मी स्कोनवर जॅम पसरत होते.

डॅशबोर्डवरचा रेडिओ खरखरतो.
"रॉनी, कुठे पोचलीस?"
मी बटण दाबते. टियर्नी ऐकतोय.
"वळणावर आहे," मी म्हणते.
टियर्नी रस्त्याकडे बघत राहतो.
दुरुस्त करत नाही.

पाच वाजता वारा फिरणार, असं सगळेच सांगतायत.
चार चोवीस झालेत.

अग्निशमनचा टँकर येतो मागून. चार माणसं, चेहरे सारखेच काळे.
टियर्नी धावत जाऊन त्यांच्या खिडकीशी काहीतरी बोलतो,
हात पसरून, लिटर दाखवावेत तसे.
मग स्वतः येऊन माझा मागचा दरवाजा उघडतो.
पट्टा सोडतो.
कॅन जातो.
शंकू बाजूला होतात, टँकर जातो, शंकू परत जागेवर.
कॅनला कुणी पत्ता विचारला नाही.

मी सीटकडे बघते.
पट्ट्याची जीभ लोंबतेय.

"बाई," टियर्नी वही घेऊन परत आलाय,
"एक नंबर तपासायचा होता.
तुमच्या नावापुढे त्यांनी हा दिलाय."
मी वाचते.
घराचा आहे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा,
बत्तीस वर्षं तोच.
काही झालं तर तिथे फोन करून
मला कळवायचं, असं नेव्हिलने लिहून दिलंय.

मला हसू येतं. मग थांबवता येत नाही.
पोरगा पेन हातात धरून उभा,
खोडावं की असू द्यावं, त्याला समजत नाहीये.

"असू दे," मी म्हणते.
"आत्ता लाव एकदा. वाजतोय का बघू."