स्म्राद्लिका

दोब्रिंका सोफियाला आली लेकाकडे,
तेव्हा त्याने हॉटेलची बाग दाखवली.
जांभळ्या पानांची झुडपं, वर गुलाबी धूर,
पर्यटक फोटो काढतायत.
"अरे, ही तर आपली स्म्राद्लिका. घाण वासाची!"
"हळू बोल, आई."

चिप्रोव्त्सीत हिला कुणी लावत नाही.
चुनखडीच्या उतारावर आपली आपण माजते.
खोडाचा गाभा तासायचा, रात्रभर भिजत घालायचा,
तुरटी टाकून लोकर उकळायची.
मग आठवडाभर हात पिवळे.
तसल्याच हातांनी तिने
लग्नातला पाव मोडला होता.

तो पिवळा टिकत नाही म्हणा,
उन्हाला भितो.
गालिचा उलटा केला की कळतं
मुळात काय होतं ते.

आणि धूर म्हणजे काय, तर
ज्या देठांना फळ धरलं नाही
त्यांना फुटलेली लव.
सासूने सांगितलं होतं,
पहिलं मूल राहिलं नाही त्या वर्षी,
गालिच्यावरून मान वर न करता.

लेकाला फोन आला. तो वळला.
तिने नखाने फांदी खरवडली,
जांभळ्या सालीखाली
पिवळं.

बोट तिने पुसलं नाही.