धुराडं

विट्याचे जोतिराम देवकर, सोनं गाळणारे,
खणभागातल्या माझ्या दुकानात आले तेव्हा
दुपारची अजान नुकतीच संपली होती.
कमरेचं बत्तीसचं पिस्तूल त्यांनी काचेवर ठेवलं,
गोळ्या काढून, नळी भिंतीकडं करून
(एवढं शिकवलंय मी त्यांना),
आणि मोबाईलवर चित्र दाखवलं:
नळीच्या टोकाला काळा ठोकळा,
त्याच्या माथ्यावर दोन खाचा.
"कॉम्पेन्सेटर. बसवून द्या, बाबालाल.
नळी उडी मारत नाही म्हणतात."

मी शिकलगार.
आजा तलवारींना पाणी द्यायचा,
बाप विळे आणि अडकित्ते लावायचा,
मी माझा परवाना भिंतीवर टांगून
दुसऱ्यांच्या परवान्यांवरची धूळ पुसतो.
कुणी नळीच्या पुढं काही बसवून मागितलं
की मला आधी मागचा हात दिसतो.

वस्तू खोटी नाही, हे कबूल.
माझी भाची नसीमा स्पर्धा खेळते, तिच्या पिस्तुलाला आहे.
गोळी सुटते, मागचा वायू खाचांतून वर उसळतो
आणि वर जाता जाता नळीला खाली दाबतो.
पाच भोकं एका नाण्याखाली झाकतात पोरीची.
पण ती आठवड्याला चारशे गोळ्या झाडते,
आणि तिचं पिस्तूल पेटीत बसून जातं,
कुणाच्या कमरेला, शर्टाखाली,
घामात, एसटीच्या गर्दीत नाही.

"तुम्ही भट्टीवाले, तुम्हाला काय सांगायचं.
बत्तीसच्या गोळीत दारू ती किती?
चुलीत जाळ चिमूटभर,
त्यावर साखर कारखान्याचं धुराडं!
वर पुढं वजन वाढलं की
सरकता भाग पुरता मागं येईल न येईल,
दुसरी गोळी तोंडातच अडकायची.
म्यान नवं शिवा. रात्री झाडलीत,
तर जाळ उडणार तुमच्याच डोळ्यांपुढं.
आठ वर्षांत किती झाडल्या?"

"अकरा."
"कुठं?"
"नऊ मैदानावर. दोन दसऱ्याला, बांधावर."
ते दोन मी ऐकले नाहीत.

मग ते बराच वेळ काचेखालच्या स्प्रिंगा बघत राहिले.
म्हणाले, मार्गशीर्षात मायणीच्या रस्त्यानं येत होतो,
वडूजपासून एक मोटारसायकल मागं.
मी हळू, तर ती हळू.
मी जोरात, तर तिचा दिवा आरशात मोठा.
शेवटी थांबलो. काढलं. उतरलो.
सतराएक वर्षांचं पोरगं, अंगात स्वेटर उलटा,
दोन्ही हात वर केलेले,
आणि एका हातात माझीच पिशवी.
"काका, मागचं दार उघडं हाय तुमचं.
ही पडली. हाका मारतोय कवापासून."
पिशवीत जेवणाचा रिकामा डबा होता.

"बोट खटक्यावर होतं, बाबालाल.
झोपेत अजून ते वर उडतं.
नळी. हात. सगळंच."

आता यावर मी काय बोलणार.
लोखंडाला खाच पाडायचं माप मला ठाऊक आहे,
मिलिमीटरात सांगेन.
हे कुठून बाहेर सोडायचं, याचं माप
आज्यानंही ठेवलेलं नाही.

चहा मागवला. पितळेच्या चार खोट्या गोळ्या दिल्या.
रोज वीसदा, रिकाम्या भिंतीकडं,
बोट बाहेर ठेवायची सवय करा आधी.
"आणि तो ठोकळा?"
"बसवला, तर सरकारी वहीत कुठल्या रकान्यात लिहू?"
हसले नाहीत. पिस्तूल कमरेला गेलं,
शर्ट त्यावर पडला, सराईतासारखा.

दारातून मात्र परत फिरले.
"त्या पोराचं नाव विचारायचं राहिलं," म्हणाले,
जणू ते मला माहीत असणार.

मी वही ओढली. लिहिलं:
देवकर, विटा. साफसफाई. एक स्प्रिंग बदलली.
दीडशे रुपये, पैकी तीस चहाचे सोडले.